पाचर

हरिपुरात संध्याकाळी सातला
संगमाकडून डासांचा लोट येतो, तेव्हाच
सिंगापूरच्या बाई लॅपटॉपमध्ये दिसायला लागल्या.
हिंदीत बोललात तरी चालेल, म्हणाल्या,
आणि पहिलाच प्रश्न :
तुम्ही स्वतः पाहिलं?

नाही.

तिनं तुम्हाला सांगितलं?

नाही.

मग रिपोर्ट कशावरून केलात, मिस्टर खोचगे?

माझा बाप पेवात उतरायचा.
हळदीचं पेव, गळा अरुंद, पोट मोठं.
तोंड उघडून वारं लागू द्यायचं,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
कंदील विझला तर काठावरचं कुणी विचारत नसे,
तू स्वतः गुदमरून पाहिलंस का?

हे मी बाईंना सांगितलं नाही.
मी टँकरवरचा पंपमन. टाकीत माणूस उतरण्याआधी
नळी सोडतो, हवा मोजतो, आकडा लिहितो, सही करतो.
तसंच सांगत गेलो, आकड्यांत.
डेक कॅडेट. वय एकोणीस. जहाजावर बाईमाणूस ती एकटीच.
बंदर सुटल्याला अकरावा दिवस.
पंपरूमच्या दाराशी येऊन म्हणाली,
अंकल, एक पाचर करून द्याल?
कशाला गं?
दार वाजतं.

समुद्र त्या आठवड्यात
ताटात ओतल्यासारखा निवांत होता.

फळीच्या तुकड्यातून कापली. पाच इंच लांब,
एका टोकाला सव्वा इंच, दुसऱ्या टोकाला काही नाही.
बोटात कूस जाऊ नये म्हणून
पॉलिश पेपरनं घासून दिली.

मास्टर की कुठं असायची?
चीफ मेटच्या ऑफिसात, हुकाला.
वापराची नोंद?
आहे ना. महिनाभराची, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली.
कॅमेरा?
त्या मजल्यावरचा मार्चपासून बंद.
मेसमध्ये ती कुणाजवळ बसायची?
बसायची नाही. भिंतीला पाठ लावून उभ्यानं जेवायची.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.
याला पुरावा म्हणत नाहीत, म्हणाल्या.
थोड्या वेळानं : अजून तरी.

फुजैराला ती उतरली, करार अर्धा ठेवून.
केबिन झाडताना स्टुअर्डला पाचर सापडली,
त्यानं मला दिली, मी बॅगेत टाकली.
ती आहे तुमच्याकडं? आत्ता?

पुरानंतर आमची फरशी खचलीय.
सुनंदाच्या शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगतो.
त्याखालून काढली.
मशीन कलंडलं, ब्लाउजची बाही सुईत अडकून राहिली,
सुनंदा काही बोलली नाही.

कॅमेऱ्यासमोर धरली.
घासलेल्या बाजूवर वळ, आडवे, दाराच्या कडेचे.
एकावर एक. सात मोजता येतात,
बाकीचे एकमेकांत गेलेत.

कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या नको.
कुणाकुणाचा हात लागला, नावं लिहा.
स्टुअर्ड. मी. विमानतळावरचा शिपाई. सुनंदा.
आणि शंतनू, वय सहा,
त्यानं जाड टोकावर शाईनं बैल काढलाय.

तिला आम्ही एकदाच विचारू, म्हणाल्या बाई,
आमच्यातली एक बाई विचारेल.
ती नको म्हणाली तर तिला सोडू.
किल्लीला नाही सोडणार.

तिचा मेसेज आलाय, पंधरा दिवसांपूर्वी.
अंकल, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?
एवढाच. राग आहे की खरंच विचारतेय,
मराठीत असता तरी मला कळला नसता.
उत्तर दिलेलं नाही.
बाईंनाही दाखवला नाही, आणि हे बरोबर केलं की चूक
ते मोजायची नळी माझ्याकडं नाही.

स्क्रीन काळी झाली. सुनंदानं
पुठ्ठ्याची घडी करून मशीनखाली सरकवली,
बाही सोडवली, आणि पाठमोरीच म्हणाली,
ही लावल्यावर तरी तिला झोप लागायची का वो?

दोन तासांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी पाकिटाला डिंक लावत होतो.